मिरजेचा तंबोरा पुण्यापर्यंत सुरात कसा आणायचा

मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्या चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला. बोटाच्या पेरानं भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर टकटक करत ते कडेकडेनं फिरले आणि एका जागी थांबले. बाकी सगळीकडे 'टण' वाजत होतं, तिथं 'टप'. मान वर न करता त्यांनी विचारलं, "उन्हात ठेवला हुता काय ओ?"

मी खड्ड्यांवर एक भाषण तयार करून नेलं होतं. पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता कसा, गतिरोधक कसे न सांगता येतात, वगैरे. ते तोंडातच राहिलं. तीन दिवसांपूर्वी त्यांच्याकडूनच हा नवा तंबोरा घेऊन आम्ही पुण्याला निघालो होतो. खंबाटकीच्या अलीकडे एका ढाब्यावर पिठलं-भाकरी झाली, वर ताक झालं, मग आणखी एक ताक झालं. मे महिना, दुपारचा दीड, पाऊण तासाचा थांबा, आणि तंबोरा डिकीत. घरी आल्यावर खर्जाची तार छेडली की आतून कुठूनतरी खर्रखर्र येत होतं. तबली आणि भोपळा जिथं जुळतात तिथला सांधा बोटभर लांबीत सुटला होता.

वाद्य गाडीतून न्यायचं म्हटलं की आपण खड्ड्यांना भितो. खड्डे वाईटच, पण नीट गुंडाळून नीट टेकवलेला तंबोरा बऱ्यापैकी खड्डे सोसतो. त्याचे खरे हाल गाडी थांबते तेव्हा होतात. एक, कचकन ब्रेक लागतो तेव्हा. दोन, गाडी उन्हात उभी राहते तेव्हा. आणि तीन, मुक्कामाला पोचल्यावर आपण उत्साहानं लगेच त्याची कापडी गवसणी उघडतो तेव्हा. यातलं दुसरं सगळ्यात वाईट, म्हणून सुरुवात तिथून करतो.

त्याआधी तंबोऱ्याची ओळख, कारण कुठं काय तुटतं हे त्याच्या घडणीवरून कळतं. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी घराणी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. मूळचे हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. त्यांचे हात पुढे लाकडाकडे आणि तारांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून. हा खायचा भोपळा नव्हे, कडू जातीचा. तो वाळवून, कापून, आतून साफ करून त्यावर लाकडाची पातळ तबली बसवतात. भोपळ्याला गळा जोडतात आणि गळ्याला दांडी, बहुतेक तून लाकडाची. तबलीवर तारा पेलणारी घोडी आणि घोडीवरून चार तारा थेट दांडीच्या टोकाच्या खुंट्यांपर्यंत. म्हणजे एकाच वाद्यात भोपळ्याचं कवच, एका जातीचं लाकूड, दुसऱ्या जातीचं लाकूड, सरस, पॉलिश, पोलाद आणि पितळ. ही सगळी मंडळी ऊन लागल्यावर एकसारखी वागत नाहीत. भांडण तिथं सुरू होतं.

आता उन्हात उभी केलेली गाडी. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, त्यांची उष्णता आतली हवा तापवते आणि ती हवा बाहेर जायला वाट नसते. बाहेरच्यापेक्षा आतलं तापमान तासाभरात २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त वर जातं. गंमत अशी की यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. "दहाच मिनिटं थांबतोय" याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. काच बोटभर खाली ठेवली तरी फरक नगण्य पडतो. साताऱ्याजवळ मे महिन्यात बाहेर ३८ असेल तर डिकीतला तंबोरा पंचावन्न-साठच्या आसपास शेकत असतो. सरस पातळ करायला कारागीर तो साधारण ६० अंशांपर्यंतच तापवतात हे लक्षात घेतलं, तर सांधा का सुटला ते वेगळं सांगायला नको.

पण नुसती उष्णता एवढी वाईट नसते. तिच्याबरोबर येणारा कोरडेपणा जास्त वाईट. गरम हवेची तहान मोठी असते. समजा मुंबईत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे, कपडे वाळत नाहीत अशी हवा. तीच हवा गाडीत कोंडून ५० अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता किती उरते? जेमतेम २७ टक्के. पाण्याचा एक थेंबही बाहेर गेलेला नाही. हवेची धरून ठेवायची ताकद वाढली, म्हणून तेवढंच पाणी तिला आता कमी वाटतं. ही तहान ती आजूबाजूच्या वस्तूंमधून भागवते. चटईवरच्या पापडाचं जे होतं तेच तबलीचं होतं. साताऱ्याकडे तर उन्हाळ्यात हवा आधीच कोरडी, तिथं गाडीच्या आतला आकडा दहाच्या घरात जातो.

लाकूड सुकताना रेषेच्या दिशेनं फारसं आखडत नाही, आडवं आखडतं. भोपळ्याच्या कवचाला तशा सरळ रेषाच नसतात, त्यामुळे ते आपल्या हिशेबानं आखडतं. तबली एकीकडे ओढते, भोपळा दुसरीकडे, मध्ये तापून मऊ झालेला सरस. वरून चार तारांचा दाब घोडीवाटे तबलीच्या मधोमध. माझ्या तंबोऱ्याचा सांधा बोटभरच सुटला, यात माझं नशीब आणि चाचांचा हात दोन्ही आले.

म्हणून पहिला नियम एका ओळीचा: गाडीतून माणसं उतरली की वाद्यंही उतरतात. ढाब्यावर जेवायला सगळे एकदम जायचं असेल तर तंबोरा बरोबर न्यायचा आणि रिकाम्या बाजेवर आडवा ठेवायचा. कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा करायचा नाही, पोरं धावत येतात आणि वेटरच्या हातात चार थाळ्या असतात. ते जमत नसेल तर दोन तुकड्यांत जेवायचं, एक जण एसी चालू ठेवून गाडीत. लोक हसतात. हसू द्यावं.

काळी गवसणी दिसायला छान, पण उन्हात तीच आधी तापते. माझ्या गवसणीवर आता वडिलांचं जुनं पांढरं धोतर दुहेरी करून गुंडाळलेलं असतं. मागच्या काचेखालची जी सपाट फळी असते, तिथं तर वाद्य काय, बासरीसुद्धा ठेवू नये. बासरी पहिली तडकते. बांबू उभा फाटतो आणि ती चीर सांधली तरी फुंक पूर्वीसारखी लागत नाही.

(आकाशाला गवसणी घालणं आपण सर्रास बोलतो, पण गवसणी म्हणजे तंबोऱ्याचं कापडी आवरण, हे घरात तंबोरा आल्याशिवाय माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.)

आता गाडीत कुठं ठेवायचा. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कोणी प्रवास केला असेल त्याला हे समजवावं लागणार नाही. मागचं चाक खड्ड्यात गेलं की पुढचे प्रवासी हलतात आणि मागचे उडतात. गाडीची चाकं हे तिचे आधार. दोन आधारांच्या मध्ये जे असतं ते कमी हलतं, आधाराच्या बाहेर जे लोंबतं ते जास्त. छोट्या गाडीची डिकी म्हणजे एसटीचा तो शेवटचा बाक. मागची सीट अर्धी पाडून वाद्याचा जड भाग जितका पुढे, चाकांच्या मध्ये आणता येईल तितका आणायचा.

पुरुषी पट्टीचा तंबोरा साधारण साडेचार-पाच फुटांचा असतो, तो मागच्या सीटवर आडवा मावत नाही. बायकांच्या पट्टीचा थोडा लहान, तो काही गाड्यांत मावतो. मावला नाही की बरेच जण भोपळा मागे ठेवून दांडी पुढच्या दोन सीटच्या मधून काढतात. मला हे पटत नाही. एक तर खुंट्या ड्रायव्हरच्या कोपराजवळ येतात, आणि गिअर बदलताना खुंटीला धक्का लागला की तार ताणली जाते नाहीतर तुटते. दुसरं कारण ब्रेकचं. मागून पुढे झेपावणारा भोपळ्याचा भार दांडीवरून टोकाकडे जातो आणि ते टोक कशाला तरी अडतं. त्यापेक्षा उलटा ठेवावा: भोपळा पुढे, पुढच्या सीटच्या पाठीला गोधडीत गुंडाळून टेकवलेला, दांडी तिरकी मागे. ब्रेक लागला तर भोपळ्याचा मोठा पसरट भाग मऊ पाठीवर दाबला जातो, जोर एका ठिकाणी येत नाही.

पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, बेल्ट लावून उभा ठेवणारेही आहेत. तिथं समोर एअरबॅग असते आणि डाव्या बाजूचा आरसा झाकला जातो. गाणं ऐकायला जिवंत पोचायचं असेल तर नको.

तंबोरा आडवा ठेवताना तारा वर, पाठ खाली. पाठीखाली चुंबळ हवी. डोक्यावर घागर घेताना बायका जी कापडाची वेटोळी घेत, तीच. जुन्या साडीची जाड चुंबळ केली की गोल भोपळा तिच्यात बसतो, भार कडेकडेनं वाटला जातो आणि तो गडगडतही नाही. दुसरा आधार गळ्याखाली, तिसरा दांडीच्या टोकाकडे, चादरीच्या गुंडाळ्या करून. हे तिन्ही आधार लागतात, कारण दांडी ही तीनेक फुटांची पहार आहे. टोक अधांतरी राहिलं आणि गाडी उसळली की ती पहार गळ्याचा सांधा उचकटायला लागते. तंबोरे मोडतात ते बहुतेक गळ्यातच.

गोधडी की फोम, हा प्रश्न दर वेळी निघतो. मऊ गादीचं काम एवढंच की धक्का एका क्षणात न देता थोडा लांबवून द्यायचा. पण फोम फार मऊ असला तर भारानं तो आधीच चेपून तळाला टेकलेला असतो. मग पुढचा धक्का लांबवायला त्याच्यात काही उरत नाही, तो जवळजवळ पत्रा होतो. आपल्या गोधडीत सात-आठ जुन्या कापडांचे थर टाके घालून घट्ट बसवलेले असतात. ती दबते, पण पूर्ण दबत नाही. डोक्याखालच्या लुसलुशीत उशीपेक्षा गोधडी कधीही चांगली.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल, बोलतो, कारण तिथं प्रश्न वाद्याचा कमी आणि माणसांचा जास्त असतो. पेटीचं वजन दहा-बारा किलो, पट्टी बदलता येणारी स्केलचेंजर असेल तर त्याहून जास्त. गाडी ताशी ५० किलोमीटरनं जाताना कशावर आदळून जागीच थांबली, तर मागच्या सीटवर मोकळी ठेवलेली पेटी त्याच वेगानं पुढे येते. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडलेली पेटी जमिनीवर ज्या वेगानं पोचेल, तोच हा वेग. ती कोणाच्या मानेवर येईल ते तुम्ही ठरवा. म्हणून पेटी सीटवर नको. पुढच्या सीटच्या मागे पायाशी जागा असते, तिथं बसत असेल तर उत्तम. नाहीतर डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून, पट्ट्यानं आवळून.

तंबोऱ्याच्या मानानं पेटी तशी सोशिक. भात्याची कडी लावलेली हवी, खटके सगळे आत ढकललेले हवेत. झाकणाखाली जाड टॉवेल कोंबणं मात्र टाळा. पट्ट्या दाबल्या राहिल्या की त्यांच्या स्प्रिंगा सगळा रस्ताभर ताणलेल्या राहतात आणि सुरांची तोंडं उघडी पडतात. मग रस्त्याची धूळ आत जाते. पितळी सुराची जीभ आणि तिची चौकट यांच्यात केसाएवढी फट असते. त्यात एक कण अडकला की तो सूर घोगरा होतो किंवा गप्पच बसतो, आणि नेमका मैफलीच्या पट्टीतला षड्जच असतो. वरून कापडी खोळ घातलेली बरी.

तबला-डग्ग्याचं पुन्हा उन्हाशीच जमत नाही. बकऱ्याच्या कातड्याची पुडी तापून कोरडी झाली की आखडते, सूर चढतो. दमट हवेत सैल पडते, सूर उतरतो. वादकांना हे रोजचंच. गाडीत मात्र हा खेळ अतीच होतो. आधीच चढ्या सुरात आवळून ठेवलेला तबला दुपारी गाडीत राहिला तर काठ धरून पुडी फाटू शकते, किंवा शाईला भेगा पडतात. शाई म्हणजे लोहचुरा मिसळलेल्या खळीचे एकावर एक घोटलेले थर. ती कातड्याएवढी लवचीक नसते. लांब जायचं असेल तर निघण्याआधी हातोडीनं बाजूचे लाकडी गठ्ठे थोडे वर सरकवून तबला सुरातून उतरवून ठेवावा. आणि धातूचा डग्गा शेजारच्या लाकडी तबल्याला घासू देऊ नये. दोघांच्या पिशव्या वेगळ्या, मध्ये त्यांच्याच चुंबळी.

तंबोऱ्याच्या तारांचंही तसंच, उतरवाव्यात, पण बेतानं. तारा पूर्ण सोडणं मला धोक्याचं वाटतं. घोडी बऱ्याच तंबोऱ्यांत मुख्यतः तारांच्या दाबानंच जागेवर असते. दाब गेला की ती सरकते, आणि घोडीची जागा सुतभर हलली तरी जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, बिघडते. शिवाय तारांचा ताण आणि दांडी यांचा एक जमलेला तोल असतो. तो मोडला की पोचल्यावर तंबोरा दिवसभर सुरात उभा राहत नाही, लावा आणि उतरतोय, लावा आणि उतरतोय. दोन-तीन स्वर उतरवणं पुरेसं. विमानाला सामानात टाकायचा असेल तर गोष्ट निराळी. मी घोडीच्या चारी कोपऱ्यांशी तबलीवर पेन्सिलीनं बारीक खुणा करून ठेवतो. जवारीचं सूत, म्हणजे तार आणि घोडी यांच्यातला तो दोरा, वाटेत हमखास गळतो. गवसणीच्या कप्प्यात सुती दोऱ्याचं एक रीळ आणि खुंट्यांसाठी खडूचा तुकडा असला की यजमानांच्या घरी शिवणाचा डबा शोधावा लागत नाही.

राहिलं तिसरं थांबणं, पोचल्यावरचं. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला कार्यक्रमाला जाताना हे चांगलं कळतं. गाडीत एसी, आत चोवीस अंश. दार उघडून बाहेर पाय ठेवला की चष्मा पांढरा. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक गोष्टीवर दव धरतं. चष्म्याच्या काचेवर दिसतं, म्हणून आपण पुसतो. तेच दव त्याच क्षणी पोलादी तारेवर, पेटीच्या पितळी सुरांवर आणि तबल्याच्या पुडीवर धरतं, ते दिसत नाही. गवसणी आणि खोळ बंद ठेवून वाद्यं अर्धा तास तशीच पडू द्यायची. त्यांचं अंग हवेच्या अंगाएवढं झालं की उघडायची. त्याहून सोपं म्हणजे पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करणं. गायकबाई कुरकुर करतात, पण ओलसर हवेत त्यांच्या गळ्यालाही तेवढाच सराव होतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांना जाणाऱ्यांचा हिवाळ्यात हाच घोळ असतो, फक्त मोठ्या प्रमाणावर: शून्याखालच्या गाडीतून वाद्य एकदम हीटरच्या खोलीत. तिथं अर्धा तास पुरत नाही, दोन तास तरी पेटी-तबला बंदच ठेवावा. आणि रात्रभर गाडीत तर ठेवूच नये.

इतकी यातायात नको म्हणून लोक मोबाइलवरचा तंबोरा लावतात. मीही लावतो, रियाजाला. मिरजेत चपट्या पेटीसारखी छोटी प्रवासी तंबोरीही मिळते, ती सुटकेसशेजारी मावते. कार्यक्रमाला मात्र मागे भोपळ्याचा तंबोरा हवाच, हा माझा हट्ट आहे आणि त्याची किंमत मी त्या दिवशी मोजत होतो.

चाचांनी सांध्यात सरस भरला, भोपळ्याभोवती सुतळी आवळली आणि दोन दिवस हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मी सांगलीला नातेवाइकांकडे राहिलो. तिसऱ्या दिवशी तंबोरा घ्यायला गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्यांनी गवसणी घातली, पण तंबोरा हातात दिला नाही.

"आत्ता कुठं निघताय? उद्या पहाटे या. मी उठलेला असतो."

साडेचारला त्यांच्या दारात गाडी लावली. ते खरंच उठलेले होते. साडेनऊला तंबोरा पुण्यात घरात होता, आणि नाश्ता घरीच झाला.